फोमचं पाण्यावरचं विमान: किट घेतलेल्या ग्राहकांसाठी माहिती

पेटीतला फोम पांढरा, हलका आणि दिसायला एकदम गरीब. त्यामुळे बरेच जण रात्री जेवण झालं की पेटी उघडतात आणि सकाळी उडवायला जायचं ठरवूनच बसतात. तेवढं करू नका. रिमोटवर उडवायच्या विमानाचं हे किट तीन-चार संध्याकाळी निवांत जोडायचं आहे, आणि त्यातला निम्मा वेळ गोंद वाळायची वाट बघण्यातच जातो. आधी हे पत्रक एकदा सगळं वाचा, मग कटर हातात घ्या.

पेटीत फोमचे सगळे कापलेले भाग, पंखातली कार्बनची नळी, प्लायची मोटरपट्टी, कंट्रोल हॉर्न (हलत्या पट्ट्यांना तार अडकवायचे काटे), तारा आणि पोटाला लावायची टेप आहे. मोटर, स्पीड कंट्रोलर, सर्व्हो (हलत्या पट्ट्या वळवणाऱ्या छोट्या मोटरी), बॅटरी आणि रिमोट तुमचे. आम्ही स्वतः २२१२ मापाची १४०० केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला १४०० फेरे) ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, ८×४ इंची पंखा (प्रोपेलर), ९ ग्रॅमचे चार सर्व्हो आणि ३एस (तीन सेलची) १३०० एमएएचची लायपो बॅटरी वापरतो. याहून दांडगी मोटर बसवायचा मोह होतो, कोल्हापुरात तर होतोच. पण मोटर मोठी की बॅटरी मोठी, बॅटरी मोठी की वजन वाढलं. पंखाचा पसारा ११०० मिमी आणि रुंदी २०० मिमी आहे. बॅटरीसकट सगळं ७५० ग्रॅमच्या आसपास बसलं पाहिजे. ८५० च्या वर गेलं तर विमान उडेल, पण पाणी सोडायला रडवेल.

गोंद

फोम एक्सपीएस (पॉलिस्टायरीन) जातीचा आहे. फेव्हिक्विकसारखा साधा सायनो त्याला लागला की फोम विरघळून खड्डा पडतो. चपला-रेक्झिनचा पिवळा गोंद, थिनर, रंगाचे स्प्रेचे डबे, सगळ्यांचा परिणाम तोच. पांढरा फेव्हिकॉल फोम खात नाही, पण दोन फोमच्या मध्ये त्याला हवा मिळत नाही. आठ दिवसांनी उघडून बघितलं तरी ओलाच असतो. शिवाय त्याला पाणी सोसत नाही.

तेव्हा फोमसाठीचा म्हणून मिळणारा गोंद घ्या, आणि जिथे ताण येतो तिथे (मोटरपट्टी, पंखाची नळी, पोटाचा सांधा) तीस मिनिटांचा इपॉक्सी. पाच मिनिटांचा इपॉक्सी घाईच्या माणसाला बरा वाटतो, पण पाण्यात तो सावकाश वाळणाऱ्याइतका टिकत नाही. ग्लू गनची टीप तापलेली असेल तर फोम वितळतो, आणि तिचा गोंद उन्हात बंद गाडीत ठेवल्यावर पुन्हा मऊ पडतो. आम्ही ती फक्त तारा धरून ठेवायला वापरतो. रंग द्यायचा तर पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक, तोही पातळ हात.

शेपटीकडे गोंद जपून. शेपूट तोलाच्या बिंदूपासून साधारण ५५० मिमी लांब, नाक २५० मिमी. म्हणजे मागे सांडलेल्या १० ग्रॅम गोंदासाठी पुढे २२ ग्रॅम शिसं ठेवावं लागतं. फुकटचं बत्तीस ग्रॅम ओझं, आणि तेही गोंद पुसायचा कंटाळा केल्याबद्दल.

पोटाची पायरी

या विमानात एकच गोष्ट जपायची असं आम्हाला कुणी म्हणालं, तर आम्ही पोटाखालच्या पायरीकडे बोट दाखवू. होडीसारखं पोट मध्येच कापून एक पायरी सोडलेली दिसेल. मॉडेलवाले तिला स्टेप म्हणतात. एका ग्राहकाने ती कापताना झालेली चूक समजून पॉलिशपेपरने घासून गोल केली. काम बघण्यासारखं होतं. विमान मात्र तळ्यात होडीसारखं इकडून तिकडे धावत राहिलं, बॅटरी संपली तरी वर उठलं नाही.

का ते घरी बघता येतं. स्वयंपाकघरातला नळ बारीक सोडा. चमच्याचं दांडकं दोन बोटांत सैल धरा आणि त्याची फुगीर बाजू हळूच धारेला लावा. धार चमच्याला बाजूला ढकलेल असं वाटतं, पण चमचा उलट धारेत ओढला जातो. धारही वळून त्याच्या पोटाला चिकटून जाते. गोल पृष्ठभागाला वाहतं पाणी असं धरून ठेवतं. विमान वेगात आलं की त्याच्या पोटाला हेच होतं: मागचा भाग पाणी खाली खेचून धरतं, नाक वर उचलू देत नाही. पायरीची कड धारदार असेल तर पाणी तिथे तुटतं, मागच्या खाचेत हवा शिरते, आणि विमान फक्त पुढच्या पोटावर घसरायला लागतं. विमानं बनवणाऱ्या अमेरिकन ग्लेन कर्टिसच्या खऱ्याखुऱ्या उडत्या बोटीलाही १९१२ साली पायरी दिल्यावरच पाणी सुटलं होतं.

म्हणून पॉलिशपेपर पायरीजवळ नेऊच नका. पोटाला टेप लावताना ती कडेवरून मागे वळवू नका. कडेशी ब्लेडने सरळ कापा. कड दबली असेल तर तिथे पातळ प्लास्टिकची पट्टी (जुन्या फाइलचं कव्हर चालतं) कडेबरोबर चिकटवून घ्या.

तोल

पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० मिमी मागे, पंखाखाली दोन बोटं धरून विमान सरळ राहिलं पाहिजे. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल, शेपूट खाली गेली तर नाही. बॅटरी पुढे-मागे सरकवून जमवा. त्यासाठी तिची जागा मुद्दाम लांब ठेवली आहे. पायरी या बिंदूच्या १५ मिमी मागे येते, आणि ते अंतर तसंच ठेवायचं आहे. तोल मागे गेला तर विमान पाण्यात शेपटीवर बसतं, फार पुढे गेला तर नाक बुडतं.

मोटर उंच खांबावर आहे. थ्रॉटल दिला (मोटरचा वेग वाढवला) की ती नाक खाली दाबते, म्हणून मोटरपट्टीखाली पाचर देऊन मोटर तीन अंश वर बघेल अशी ठेवली आहे. उद्यमनगरातला, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागातला माणूस वाकडं काही दिसलं की गुण्या लावून सरळ करणारच, हे आम्हाला ठाऊक आहे. हे वाकडंच राहू द्या.

पाणी आत येणारच

किती टेपा मारल्या तरी दोन-चार उतरण्यांनंतर पोटात पाणी साचतं. ते साचून राहिलं की बिघाड. अर्धा कप, म्हणजे शंभरेक ग्रॅम पाणी नाक उचलताक्षणी शेपटीकडे धावतं आणि तोल गेला. म्हणून पोटाच्या सगळ्यात मागच्या, खालच्या कोपऱ्यात ६ मिमीचं भोक पाडून रबरी बूच लावा. प्रत्येक उतरण्यानंतर बूच काढा, नाक वर धरा, पाणी जाऊ द्या.

रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारी डबी) वाढदिवसाच्या फुग्यात घाला, तारा तोंडातून बाहेर काढून झिपटायने आवळा. सर्व्होच्या दांड्याभोवती व्हॅसलीन भरा. ब्रशलेस मोटर भिजली तर बिघडत नाही, फक्त घरी आल्यावर बेअरिंगला मशीनच्या तेलाचा एक थेंब. मालवण-रत्नागिरीला समुद्रात उडवलंत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने सगळं धुवा.

गोठ्यासमोरचा हौद असेल तर पहिली परीक्षा तिथेच घ्या. विमान बॅटरीसकट सोडा. पोट सपाट बसलं पाहिजे आणि पंखांच्या टोकांचे तरंगे पाण्याच्या किंचित वर राहिले पाहिजेत. दोन्ही एकदम पाण्यात टेकत असतील तर वजन जास्त आहे, किंवा तरंगे खाली लागले आहेत.

कुठे उडवायचं

रंकाळा नको. चौपाटीवर माणसं असतात, भेळ खाणाऱ्याच्या डोक्यावर फिरता पंखा जायला नको. राजाराम तलाव विमानतळाच्या जवळ, त्यामुळे तोही नको. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीच्या आत विनापरवानगी उड्डाण नाही, ८ ते १२ किमीत २०० फुटांपर्यंत आणि त्यापुढे हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत. निघण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा बघा. कळंबा पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, तिथे विचारल्याशिवाय उतरू नका.

आमची आवडती जागा म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागचं पाणी. पावसाळा सरून बरगे (बंधाऱ्याच्या फळ्या) घातले की नदी तुंबून लांब, सरळ, संथ होते. बंधाऱ्यापासून मात्र लांब राहा, आणि काठावरच्या शेतीपंपांच्या मोटारी, पाइप, विजेच्या तारा आधी बघून ठेवा. दुपारी म्हशी पाण्यात असतात, सकाळीच उरका. आणि ऊस. आमचं स्वतःचं एक विमान उभ्या उसात गेलं. दोन दिवस शोधलं. शेवटी टोळीने फड तोडला तेव्हा सापडलं, उंदरांनी अर्धा पंख खाल्लेला. तेव्हापासून आम्ही रिसीव्हरला छोटा बझर लावतो.

बंद पडलेलं विमान पाण्यात मध्ये राहिलं तर पोहत जाऊ नका, पोहता येत असलं तरी. जलपर्णीत पाय अडकतात. टेनिस बॉलला नायलॉनची दोरी बांधून विमानाच्या पलीकडे फेका आणि हळू ओढा. नाहीतर वाऱ्याची वाट बघा, तोच ते काठाला आणतो.

उड्डाण आणि उतरणं

वाऱ्याकडे तोंड करूनच निघा. पाण्यावर थोड्या लहरी असलेल्या बऱ्या, आरशासारखं पाणी पोटाला धरून ठेवतं आणि उतरताना उंचीही कळू देत नाही. एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली हलणारी पट्टी) पूर्ण वर धरा, थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत हळूहळू उघडा. एकदम उघडलात तर नाक पाण्यात. विमान पायरीवर आलं, की आवाज बदलतो आणि मागचं पाणी तुटलेलं दिसतं. तेव्हा एलिव्हेटर मोकळा सोडा, वेग घेऊ द्या, मग थोडासाच वर ओढा. बेडकासारख्या उड्या मारायला लागलं तर रिमोटची काडी मागेपुढे करत पाठलाग करू नका, थ्रॉटल बंद करून पुन्हा सुरुवात करा.

उतरताना थोडा थ्रॉटल ठेवा. पाण्याजवळ तो झटकन बंद केला तर उंचावरच्या मोटरचा दाब जातो, नाक वर उठतं आणि विमान धपकन पडतं. घड्याळ पाच मिनिटांचं लावा, म्हणजे परत यायला बॅटरी उरते.

बॅटरी चार्ज होत असताना समोर बसा. गादीवर, उशीखाली चार्जिंग नाही. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर कधीच नाही, आठवडाभर ठेवायची तर ३.८ वर आणून ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही.

मोडलं तर

फोम मोडणारच. कापण्यात किंवा मापात आमची चूक असेल तर तो भाग बदलून देतो, त्याचे पैसे नाहीत. आदळून मोडलं असेल तर सुटा भाग विकत मिळतो. मात्र येताना मोडलेला तुकडा बरोबर आणा. मोबाइलवरच्या फोटोवरून पंख डावा की उजवा हे आम्हालाही ओळखता येत नाही, आणि चुकीचा पंख घेऊन गेलेले दोघे जण आत्तापर्यंत परत आलेले आहेत.