मनगटावरील मोजणी: फिटनेस बँडची पार्श्वभूमी

फिटनेस बँड हे उपकरण गेल्या दशकभरात सर्वसामान्यांच्या मनगटावर आले असले, तरी त्यातील जवळजवळ प्रत्येक भाग मुळात दुसऱ्याच कामासाठी घडवला गेला होता. इतकेच नव्हे, तर त्यासोबत येणारे रोज दहा हजार पावलांचे उद्दिष्टही वैद्यकीय संशोधनातून निघालेले नाही. ते जपानच्या बाजारपेठेतून आले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तेथे व्यायामाविषयी उत्साहाचे वातावरण होते. १९६५ मध्ये यामासा या कंपनीने कमरेला अडकवण्याचे पावले मोजणारे यंत्र विक्रीस आणले आणि त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, असे ठेवले. आकडा पूर्ण व लक्षात राहणारा असल्यामुळे चालणाऱ्यांच्या मंडळांनी तो उचलला आणि पुढे इलेक्ट्रॉनिक उपकरणांतही तो रुळला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या गटापेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले आणि ७,५०० च्या आसपास त्यात आणखी घट होणे थांबले. उद्दिष्ट आधी आणि त्याची तपासणी अर्धशतकानंतर, असा हा उलटा क्रम आहे.

जुन्या यंत्रात स्प्रिंगवर तोललेली एक दांडी असे. चालताना कंबर खालीवर झाली की दांडी हले आणि आकडा एकाने पुढे सरके. मात्र यंत्र तिरके बसले की काही पावले गळत, आणि वाहनाचे हादरे कधीकधी पावले म्हणून मोजले जात. या दांडीला पर्याय मिळाला तो मोटारींच्या सुरक्षायंत्रणेतून. अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडण्यासाठी वेगातील अचानक बदल ओळखणारा स्वस्त संवेदक हवा होता, आणि १९९० च्या दशकात सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले सूक्ष्म ॲक्सेलरोमीटर त्यासाठी मोठ्या प्रमाणावर बनू लागले. २००६ मध्ये निन्टेन्डोच्या वी या खेळयंत्राने हाच संवेदक हातात धरण्याच्या नियंत्रकात बसवला. त्यावरून प्रेरणा घेऊन जेम्स पार्क आणि एरिक फ्रीडमन यांनी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पुढे फिटबिट म्हणून ओळखली गेलेली कंपनी सुरू केली. २००९ च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती पडलेले तिचे पहिले उपकरण मनगटावरचे नव्हते, कपड्याला लावण्याची ती क्लिप होती. खरा फरक संवेदकापेक्षा आज्ञावलीत होता: तिन्ही दिशांतील हालचालींच्या आलेखातून चालण्याची लय ओळखायची, बाकीचे हेलकावे वगळायचे आणि हिशेब आपोआप संकेतस्थळावर पाठवायचा.

हृदयाच्या ठोक्यांची वाट वेगळी. १९४० च्या दशकात नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकाने फिरत्या माणसाचा हृदयालेख (ईसीजी) रेडिओलहरींवरून मिळवला, पण त्यासाठी पाठीवर सुमारे ३८ किलोंचे ओझे वाहावे लागे. पुढे फिनलंडमधील पोलर कंपनीने बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंच्या सरावासाठी छातीचा पट्टा व मनगटी घड्याळ यांची बिनतारी जोडी १९८२ मध्ये बाजारात आणली. अचूकतेत हा पट्टा आजही सरस ठरतो; मात्र तो रोज बांधण्याची तयारी खेळाडूंपलीकडे फारशी कोणी दाखवली नाही. म्हणून उत्पादकांनी १९३० च्या दशकापासून ज्ञात असलेले प्रकाशाधारित तंत्र मनगटावर आणले. घड्याळाच्या पाठीवरील हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो, रक्त त्यातील काही शोषते, आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असला किंवा हात जोरात हलत असला की हे मोजमाप बिघडते.

२०१५ मध्ये ॲपल वॉच विक्रीस आले, आणि त्याच वर्षी शाओमीचा मी बँड भारतात ९९९ रुपयांत मिळू लागला; त्याने या वस्तूचा ग्राहकच बदलला. २०१८ मध्ये ॲपलच्या घड्याळातील हृदयालेखाच्या सुविधेला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली, आणि व्यायामाचे साधन व वैद्यकीय उपकरण यांच्यातील सीमा पुसट झाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत आणखी एक गोष्ट लक्षात आली: धावण्या-सायकलिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशात अफगाणिस्तान व सीरियामधील लष्करी तळांची रूपरेषा सैनिकांच्या धावण्याच्या मार्गांवरून उमटलेली दिसली. त्यामुळे गुगलने फिटबिट सुमारे २.१ अब्ज डॉलरला विकत घेण्याची घोषणा २०१९ मध्ये केली, तेव्हा चर्चा उपकरणांपेक्षा साठलेल्या नोंदींवर अधिक झाली. युरोपीय आयोगाने या व्यवहाराला मंजुरी देताना युरोपीय वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती दहा वर्षे जाहिरातींसाठी न वापरण्याची अट घातली आणि जानेवारी २०२१ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. आयोगाची ही अट युरोपबाहेरील वापरकर्त्यांना लागू नाही.