पातळी आणि वाढ: अमेरिकी एलिमेंटरी स्कूलचे आकडे वाचताना होणारी गल्लत

अमेरिकेत घर घेऊ पाहणारे कुटुंब एखाद्या वस्तीची चौकशी करू लागले की शाळेचा प्रश्न हमखास निघतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकाच आकड्यात दिले जाते. इथल्या एलिमेंटरी स्कूलमध्ये, म्हणजे साधारण पाचवीपर्यंतच्या प्राथमिक शाळेत, ७८ टक्के मुले ‘प्रोफिशियंट’ (प्रवीण, म्हणजे राज्याच्या चाचणीत ठरवून दिलेल्या गुणांची रेषा गाठलेली) आहेत, म्हणून शाळा चांगली. पलीकडच्या शाळेत ४१ टक्केच आहेत, म्हणून तिथले शिक्षक कमी पडतात. यातले आकडे खरे असू शकतात, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. मुले आज कुठे आहेत हे सांगणारी पातळी आणि शाळेत असताना ती किती पुढे गेली हे सांगणारी वाढ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ वर्षानुवर्षे इतक्या सहजपणे होत आली आहे की सुशिक्षित पालकांनाही त्यात काही खटकत नाही.

पातळी सर्वांच्या परिचयाची आहे. २००२ साली राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची वाचन आणि गणिताची चाचणी दरवर्षी घेणे राज्यांना बंधनकारक केले, आणि २०१५ साली त्याच्या जागी आलेल्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्यानेही ती तरतूद कायम ठेवली. प्रावीण्याची रेषा प्रत्येक राज्य आपापली आखते, त्यामुळे दोन राज्यांतल्या टक्केवाऱ्यांची थेट तुलना करू नये. राष्ट्रीय पातळीवरच्या नेप चाचणीतले ‘प्रोफिशियंट’ ही आणखी वेगळी आणि बरीच वरची रेषा आहे. शिवाय ती चाचणी एकेका शाळेचे निकाल देतच नाही, तेव्हा शाळा निवडताना तिचा विचार करण्याचे कारण नाही.

खरी अडचण वाढीच्या बाबतीत येते. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनसारख्या राज्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘स्मार्टर बॅलन्स्ड’ चाचणीत गणिताच्या प्रावीण्याची रेषा तिसरीला २४३६, चौथीला २४८५ आणि पाचवीला २५२८ गुणांवर आहे. समजा, एका मुलीला तिसरीत २३४० गुण मिळाले आणि चौथीत २४२०. एका वर्षात ती ८० गुणांनी पुढे गेली, त्याच काळात रेषा ४९ गुणांनी वर सरकली. म्हणजे तिने अंतर स्पष्टपणे कमी केले. तिच्याच वर्गातला दुसरा मुलगा तिसरीत २४८० वर होता आणि चौथीत २४९० वर आला. तो वर्षभरात जेमतेम १० गुण पुढे गेला आणि रेषेच्या अगदी जवळ घसरला. आता शाळेची टक्केवारी पाहा: मुलगी दोन्ही वर्षी ‘अप्रवीण’, मुलगा दोन्ही वर्षी ‘प्रवीण’. मुलीच्या बाबतीत वर्गात जे भरीव काम झाले त्याची टक्केवारीत नोंदच नाही, आणि मुलाच्या बाबतीत जे राहून गेले त्याचीही नाही. शाळेचा कस ज्या गोष्टीत लागतो, नेमकी तीच या आकड्यातून गळून पडते.

मग टक्केवारीत दिसते तरी काय? मुख्यतः मुले कोणत्या घरांतून येतात ते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार हाती घेतलेल्या आणि १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या कोलमन अहवालाने लाखो विद्यार्थ्यांच्या पाहणीतून हे मांडले होते की मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीशी कितीतरी अधिक जोडलेला असतो. एलिमेंटरी स्कूलच्या बाबतीत हे विशेष लागू पडते, कारण राज्याची पहिली चाचणी तिसरीत होते आणि त्या पहिल्या आकड्यात शाळेच्या चार इयत्तांबरोबरच (किंडरगार्टन ते तिसरी) त्याआधीची सगळी वर्षे मिसळलेली असतात: घरात वाचून दाखवलेली पुस्तके, बालवाडीची फी परवडणे किंवा न परवडणे, घरातली भाषा. स्टॅनफर्डचे संशोधक शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या शाळा-डिस्ट्रिक्टांच्या (सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांच्या) गुणांचा अभ्यास केला तेव्हा सरासरी गुणांचा सांपत्तिक स्थितीशी घट्ट संबंध आढळला, मात्र वाढीच्या वेगाचा तिच्याशी असलेला संबंध बराच क्षीण निघाला. शिकागोच्या पब्लिक स्कूल्समधली मुले तिसरीत राष्ट्रीय सरासरीच्या मागे होती, पण २००९ ते २०१४ या काळात तिसरी ते आठवीच्या पाच वर्षांत ती सुमारे सहा वर्षांइतकी पुढे गेल्याचे त्यांच्या २०१७ च्या विश्लेषणात दिसले. ज्या शाळाव्यवस्थेला नावे ठेवणे हा देशभर रिवाज होऊन बसला होता, तिच्याविषयीचा हा निष्कर्ष आहे. म्हणूनच नुसत्या पातळीवरून शाळेला ‘वाईट’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते, आणि घरविक्रीच्या जाहिरातीत शाळेचा एकच अंक छापण्याची पद्धत तर पूर्णपणे बंद व्हावी असे माझे ठाम मत आहे.

इथे आणखी एक गफलत होते, आणि ती जाणकारही करतात. गेल्या वर्षी शाळा ५२ टक्क्यांवर होती, यंदा ५६ वर आली, म्हणजे वाढ चार टक्के, असे म्हटले जाते. ही वाढ नव्हे, हा फक्त बदल आहे. गेल्या वर्षीची पाचवी मिडल स्कूलला गेली, दुसरीतली मुले पहिल्यांदाच चाचणीला बसली, आणि आपण वेगवेगळ्या मुलांच्या सरासऱ्यांची तुलना केली. शेजारी महागडी वसाहत उभी राहिली तरी टक्केवारी चढते. उलटही घडते. समजा, शंभर मुलांच्या शाळेत सुस्थितीतल्या ८० मुलांपैकी ६० प्रवीण आहेत आणि गरीब घरांतल्या २० पैकी ८. एकूण ६८ टक्के. काही वर्षांनी दोन्ही गट पन्नास-पन्नास झाले. पहिल्या गटातली ४० मुले प्रवीण, म्हणजे ७५ वरून ८० टक्के. दुसऱ्यातली २३, म्हणजे ४० वरून ४६ टक्के. दोन्ही गट सुधारले, तरी शाळा ६८ वरून ६३ वर आली. अशा वेळी शाळा ढासळली असे म्हणत कुटुंबे घरे विकायला काढतात.

विद्यार्थ्यांच्या रचनेचे आकडेही जपून वाचावे लागतात. गरिबी मोजण्यासाठी सर्रास वापरला जाणारा आकडा मोफत किंवा सवलतीच्या दरातल्या जेवणाचा असतो. कुटुंबाचे उत्पन्न संघीय दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत आणि १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. पण २०१० च्या कायद्यातून आलेल्या सामुदायिक पात्रतेच्या तरतुदीखाली शाळा सर्वच मुलांना मोफत जेवण देऊ शकते, आणि २०२३ मध्ये त्यासाठी थेट पात्र ठरणाऱ्या (म्हणजे मुख्यतः ज्यांची कुटुंबे आधीच इतर सरकारी मदत घेतात अशा) मुलांच्या प्रमाणाची अट ४० वरून २५ टक्क्यांवर आणली गेली. त्यामुळे ‘शंभर टक्के मोफत जेवण’ म्हणजे शंभर टक्के गरीब मुले असे धरता येत नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटाचेही तसेच आहे: ज्याचे इंग्रजी पक्के होते तो गटातून बाहेर पडतो आणि नवी मुले आत येतात, म्हणून शाळेने कितीही चांगले शिकवले तरी त्या गटाची पातळी कमीच दिसणार. २०१५ चा कायदा बाहेर पडलेल्या मुलांना चार वर्षांपर्यंत त्या गटात मोजण्याची मुभा राज्यांना देतो ती याचसाठी.

याचा अर्थ पातळी निरर्थक आहे असा मुळीच नाही. पाचवी संपताना मुलीला परिच्छेद वाचून कळत नसेल, तर तिची वाढ झपाट्याची होती एवढ्यावर समाधान मानता येणार नाही, आणि गरिबीचे कारण पुढे करून तिच्याकडून कमी अपेक्षा ठेवणेही मला मान्य नाही. मुलीला आणखी किती मदत लागेल हे पातळीवरून कळते. शाळा ती मदत करते आहे की नाही, हे पाहायचे असेल तर वाढीकडे वळावे लागते.

अनेक राज्ये आपल्या वार्षिक अहवालात वाढीचा आकडा देतात, पुष्कळदा शतमकाच्या रूपात: ६० शतमक म्हणजे आधी तेवढेच गुण असलेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्क्यांपेक्षा अधिक वाढ. पाचवीपर्यंतच्या शाळेत हा आकडा चौथी आणि पाचवी या दोनच इयत्तांवरून निघतो, त्यामुळे लहान शाळेत तो एका वर्षात बराच वरखाली होतो आणि निदान तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहावे लागतात. वाढीचा आकडा उपलब्ध नसेल, तर एका वर्षाची तिसरी, त्याच्या पुढच्या वर्षाची चौथी आणि त्याच्याही पुढच्या वर्षाची पाचवी अशा तिरप्या रेषेत सरासरी गुण उतरवून घ्यावेत. अधेमधे काही मुले शाळा सोडतात, काही नवी येतात, म्हणून हा अंदाजच असतो. पण निदान तो बऱ्याच अंशी त्याच मुलांविषयीचा असतो.