सर्व्हर क्लाउडवर नेला, नेटवर्कचं काय?

लहान-मध्यम उद्योगांत हल्ली ‘आम्ही सगळं क्लाउडवर टाकलंय’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. सगळं म्हणजे ईआरपी (स्टॉक, खरेदी, विक्री एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), हिशेबाचं सॉफ्टवेअर, बॅकअप. ऑफिसच्या कोपऱ्यात तापणारा सर्व्हर गेला, त्याच्यासाठी रात्रंदिवस चालणारा एसीही गेला. पण त्या सर्व्हरपर्यंत कोण, कुठून आणि कसं पोचणार हे कुणीतरी ठरवावंच लागतं, आणि ते क्लाउड कंपनी ठरवून देत नाही. ती फक्त साधनं देते. माझ्या मते बहुतेकांची गाडी इथेच अडते. सर्व्हर कोणता घ्यायचा यावर महिनाभर चर्चा होते आणि नेटवर्कचा विषय अर्ध्या तासात उरकला जातो.

क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्यातरी शहरातलं डेटा सेंटर. मायक्रोसॉफ्टच्या अझुर या क्लाउड सेवेची पुणे, मुंबई आणि चेन्नईची केंद्रं २०१५ मध्ये सुरू झाली, ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसचं मुंबईतलं २०१६ मध्ये आणि गूगलचं २०१७ मध्ये. तिथल्या एकाच यंत्रावर अनेक कंपन्यांचे सर्व्हर शेजारी शेजारी चालतात आणि त्यांचा डेटा त्याच केबलांमधून वाहतो. मग एकाचा डेटा दुसऱ्याला दिसत कसा नाही?

एडब्ल्यूएसने २००६ मध्ये सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली तेव्हा सगळ्या ग्राहकांचे सर्व्हर एकाच सामायिक नेटवर्कवर असत. २००९ मध्ये ‘व्हर्च्युअल प्रायव्हेट क्लाउड’ आलं आणि प्रत्येक ग्राहकाला स्वतःचं स्वतंत्र नेटवर्क मिळू लागलं. त्यासाठी ग्राहकागणिक वेगळी केबल ओढावी लागली नाही. हे नेटवर्क सॉफ्टवेअरच तयार करतं.

समजा, भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा ईआरपी सर्व्हर मुंबईच्या केंद्रात १०.२०.१.१५ या पत्त्यावर आहे आणि त्याचा डेटाबेस १०.२०.२.८ वर. अमुक बेअरिंगचा स्टॉक किती, असं ईआरपी डेटाबेसला विचारतो. हा प्रश्न पॅकेट (पत्ता लिहिलेलं डेटाचं पुडकं) होऊन निघतो, पण यंत्राबाहेर पडण्याआधीच तिथलं सॉफ्टवेअर किंवा खास नेटवर्क कार्ड त्याला थांबवतं. पॅकेट कोणत्या ग्राहकाचं आहे आणि त्या ग्राहकाचा १०.२०.२.८ या क्षणी कोणत्या खऱ्या यंत्रावर चालू आहे, हे ते बघतं. मग अख्खं पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये घालून बाहेर त्या यंत्राचा पत्ता आणि ग्राहकाच्या नेटवर्कचा क्रमांक लिहितं. आतल्या पाकिटावर काय लिहिलंय याच्याशी कुरिअरवाल्याला देणंघेणं नसतं, तसंच मधल्या स्विच आणि राउटरचं. ते फक्त बाहेरचा पत्ता वाचतात. पलीकडे बाहेरचं वेष्टन उतरतं, क्रमांक जुळतो का ते तपासलं जातं, आणि मूळ प्रश्न डेटाबेसच्या हाती पडतो. त्याच केंद्रात एखाद्या औषध कंपनीचाही १०.२०.२.८ पत्त्याचा सर्व्हर खुशाल असू शकतो. नेटवर्कचा क्रमांक वेगळा असल्यामुळे दोघांची गाठ कधीच पडत नाही.

या कल्पनेचं एक खुलं रूप व्हीएक्सलॅन नावाने २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. एकाच केबलवर अनेक वेगळी नेटवर्कं चालवायच्या जुन्या व्हीलॅन पद्धतीत नेटवर्कच्या क्रमांकाला १२ बिट मिळत, म्हणजे एका ठिकाणी जेमतेम ४,०९४ नेटवर्क. व्हीएक्सलॅनमध्ये २४ बिट मिळाले आणि मर्यादा थेट १ कोटी ६७ लाखांवर गेली. हजारो ग्राहकांना एकाच छताखाली वेगवेगळं ठेवायचं तर एवढी जागा लागतेच.

शेजाऱ्याशी पत्ता जुळला तर क्लाउड सांभाळून घेतं. स्वतःच्याच ऑफिसशी जुळला तर मात्र नाही, आणि हा घोटाळा फार ठिकाणी होतो. खासगी नेटवर्कसाठी १९९६ पासून पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत: १० ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचा आणि १९२.१६८ चा. बाजारात मिळणारे बरेचसे राउटर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ लावूनच येतात. म्हणून भोसरीच्या ऑफिसात तोच, नागपूरच्या गोडाउनात तोच, आणि सवयीने क्लाउडवरही तोच पट्टा दिला जातो. पुढे कधीतरी ऑफिस आणि क्लाउड व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणाऱ्या सुरक्षित खासगी जोडणीने, जोडायचं ठरतं. क्लाउडवरचा सर्व्हर १९२.१६८.१.२० वर आहे, पण ऑफिसातल्या संगणकाच्या दृष्टीने हा पत्ता त्याच्या स्वतःच्याच नेटवर्कमधला. तो त्याला तिथेच हाका मारत बसतो, पॅकेट राउटरकडे जातच नाही. व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवतो आणि उघडत काहीच नाही.

यावर तात्पुरते उपाय निघतात, पण खरा इलाज म्हणजे एका बाजूचे पत्ते बदलणं. चालू क्लाउडवर ते करायचं तर बहुतेक वेळा नवं नेटवर्क उभारून एकेक सर्व्हर तिकडे हलवावा लागतो. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी एक स्प्रेडशीट करावी: ऑफिस १०.१०, गोडाउन १०.११, क्लाउड १०.२०. यातल्या प्रत्येक पट्ट्यात ६५,५३६ पत्ते असतात. या खासगी पत्त्यांना पैसे पडत नाहीत, तेव्हा इथे काटकसर करू नये.

दुसरी चूक जास्त महागात पडते. घरून काम करणाऱ्या अकाउंटंटला सर्व्हरवर लॉगिन करता येत नाही, महिनाअखेर तोंडावर आलेली असते, आणि कुणीतरी घाईघाईत सिक्युरिटी ग्रुपमध्ये (सर्व्हरपर्यंत कुणाला येऊ द्यायचं त्या नियमांच्या यादीत) एक ओळ टाकतं: पोर्ट ३३८९, स्रोत ०.०.०.०/०. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार. यातला ३३८९ हा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून सर्व्हर चालवायच्या सोयीचा, पोर्ट, आणि ०.०.०.०/० म्हणजे अख्खं इंटरनेट. काम होतं आणि ती ओळ तशीच राहून जाते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवून दिलं होतं की एका साध्या सर्व्हरवरून, चांगली लाइन असेल तर, आयपीव्ही४ चे (वर आले तसे चार आकड्यांचे) सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत तपासून होतात. तेव्हा ‘आपल्यासारख्या छोट्या कंपनीला कोण शोधणार’ या समजुतीत काही अर्थ नाही. शोधणारा माणूस नसतोच. प्रोग्रॅम ओळीने सगळ्यांची दारं ठोठावत जातो, उघडं दार दिसलं की पासवर्डचा मारा सुरू होतो, आणि रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) आत शिरण्याची ही नेहमीची वाट आहे. अकाउंटंटला आधी व्हीपीएनमधून येऊ द्यावं आणि ३३८९ फक्त व्हीपीएनच्या पत्त्यांना उघडा ठेवावा. डेटाबेसला तर इंटरनेटवरून आत यायचा मार्गच देऊ नये.

अंतराचा हिशेबही आधीच करावा. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेतलं व्हर्जिनिया सरळ रेषेत सुमारे १३,००० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन निदान १३० मिलिसेकंद. केबल सरळ जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या आसपास लागतात. आता सॉफ्टवेअर पुण्याच्या ऑफिसात आणि डेटाबेस व्हर्जिनियात असेल, आणि एक स्क्रीन उघडताना एकामागून एक ५० प्रश्न विचारले जात असतील, तर माणूस १० सेकंद पडद्याकडे बघत बसेल. डेटाबेस मुंबईत आणला आणि फेरीला ५ मिलिसेकंद धरले, तर पाव सेकंदात काम होतं. लाइन १०० वरून ५०० एमबीपीएस केल्याने यात फरक पडत नाही, कारण प्रकाशाचा वेग तोच राहतो.

बिलाचं थोडक्यात. क्लाउडमध्ये डेटा चढवायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. बॅकअप रोज ऑफिसात उतरवायचा बेत असेल तर हा खर्च आधी काढावा. शिवाय एडब्ल्यूएस फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट आकारतं. पत्ता वापरात असो वा नसो, महिन्याचे साडेतीन डॉलरांहून थोडे जास्तच लागतात.

आणि ऑफिसची लाइन. पूर्वी इंटरनेट गेलं तरी सर्व्हर शेजारच्या खोलीत असल्यामुळे बिलं फाडता येत. आता रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडलं की डिस्पॅच थांबतं. म्हणून दोन कंपन्यांच्या लाइन घ्याव्यात, पण त्या दोन्ही एकाच खांबावरून येत नाहीत ना, हे गेटवर उभं राहून स्वतः बघावं. एक फायबर आणि एक ५जी अशी जोडी बऱ्याच ठिकाणी चालून जाते. व्हीपीएन दोन्हींवर बसवून घ्यावा, आणि अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत मुख्य लाइनची केबल मुद्दाम काढून ईआरपी चालू राहतो का ते तपासावं.