दोन्ही खोक्यांवर ४के एचडीआर, मग किमतीत साडेतीनपटीचा फरक कशाचा?

नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी) एखाद्या मोठ्या दुकानात ५५ इंची टीव्हींच्या रांगेपुढे उभं राहा. ३५ हजारांचा आणि सव्वा लाखाचा टीव्ही शेजारी-शेजारी लावलेले असतात आणि दोन्हींच्या खोक्यांवर तेच शब्द असतात: ४के, एचडीआर, स्मार्ट, डॉल्बी. मग कुणी म्हणतं, सगळं सारखंच आहे, नुसत्या नावाचे पैसे कशाला द्यायचे. कुणी म्हणतं, महाग आहे म्हणजे चांगलाच असणार. दोन्ही हिशेब फसतात, कारण खरा फरक पडद्यामागच्या प्रकाशात असतो आणि त्याबद्दल खोक्यावर सहसा अवाक्षर नसतं.

आधी ४केचा विषय संपवू. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. ५५ इंची पडदा जवळपास १२२ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे एक ठिपका ०.३२ मिलिमीटरचा. इतका बारीक ठिपका निरोगी डोळ्याला साडेतीन-पावणेचार फुटांपर्यंतच वेगळा दिसतो. फुल एचडीचा ठिपका दुप्पट मोठा, तो साधारण सात फुटांपर्यंत ओळखू येतो. मानेवाड्यातल्या किंवा प्रतापनगरातल्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्हीची भिंत यांत नऊ-दहा फूट अंतर सहज असतं. तिथून ४के आणि फुल एचडीतला फरक डोळ्याला कळतच नाही. शिवाय ५५ इंचीत आज जवळपास सगळेच टीव्ही ४के आहेत. तेव्हा त्यावरून निवड करता येत नाही.

आता प्रकाश. ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) सोडले तर घरात येणारे जवळपास सगळे टीव्ही एलसीडीच असतात, मग पाटीवर एलईडी लिहिलेलं असो की क्यूएलईडी. एलसीडीच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. मागे एलईडी दिवे जळत असतात आणि पडद्यातले बारीक झडपांसारखे ठिपके तो उजेड कमी-जास्त अडवतात. झडप पूर्ण मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच. म्हणून स्वस्त टीव्हीवर रात्रीच्या प्रसंगात काळं आकाश राखाडी दिसतं. झिरपण्याचं प्रमाण पॅनलच्या जातीवर ठरतं. व्हीए पॅनलमध्ये पांढरं हे काळ्याच्या तीन ते पाच हजार पट उजळ असतं, आयपीएसमध्ये हजार पटीच्या आसपास. आयपीएसचा फायदा एवढाच, की बाजूला बसलेल्यालाही रंग बरे दिसतात. व्हीए समोरून उत्तम, पण कोपऱ्यातल्या खुर्चीवरून फिका. घरात सगळे सोफ्यावर समोर बसत असतील तर स्वस्तातही व्हीए घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यापुढची पायरी म्हणजे मागचे दिवे गटागटाने मंद करणं. स्वस्त टीव्हीत ही सोय सहसा नसते, सगळे दिवे एकदम कमी किंवा एकदम जास्त होतात. फुल ॲरे लोकल डिमिंग असलेल्या टीव्हीत काही डझन गट असतात. मिनी एलईडीत (मागे खूप बारीक दिवे असलेला एलसीडी) शेकडो, वरच्या मॉडेलमध्ये हजारांच्या घरात. पडद्यावर चंद्र असेल तर त्याच्या मागचेच दिवे पेटतात, बाकीचे झोपतात. गट कमी असले की काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती धुरकट वलय दिसतं. ओएलईडीत मागे दिवेच नसतात. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो नि स्वतः विझतो, म्हणून काळं खरोखर काळं दिसतं आणि वलय अजिबात नसतं.

इथेच क्यूएलईडी आणि ओएलईडीचा घोळ होतो. एका अक्षराचा फरक, पण जात वेगळी. क्यूएलईडी म्हणजे एलसीडीच, फक्त निळ्या एलईडीसमोर क्वांटम डॉटचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा थर. त्या थराने लाल-हिरवा रंग शुद्ध होतो. काळं मात्र जसं होतं तसंच राहतं. आज तीसेक हजारांच्या टीव्हीवरही क्यूएलईडीची पट्टी दिसते, पण ती रंगाबद्दल सांगते, प्रकाशाबद्दल नाही.

एचडीआरचंही असंच. एचडीआर म्हणजे उजळ भाग जास्त उजळ नि काळे भाग जास्त गडद दाखवायची पद्धत. टीव्हीला एचडीआरचा सिग्नल समजतो, एवढ्यावर खोक्यावर तो शब्द छापता येतो. तो दाखवायची ताकद वेगळी. जुन्या पद्धतीचं चित्र १०० निट्सचा (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेड धरून तयार होत असे. एचडीआरचं चित्र बहुधा १००० निट्स धरून करतात, कधी ४०००. स्वस्त टीव्हीचा पडदा २०० ते ३५० निट्सवर थांबतो. मग टीव्ही सगळं चित्र खाली दाबतो आणि एचडीआर लावल्यावर चित्र उलट काळवंडतं. 'एचडीआर लावला की अंधार होतो' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. त्यावर उपाय सोपा: अशा टीव्हीवर एचडीआर बघण्यापुरता बॅकलाइट (मागच्या दिव्यांचा उजेड) पूर्ण वाढवावा आणि तरीही चेहरे अंधारात राहिले तर ॲपमधून साधी एचडी प्रत लावावी. ती जास्त चांगली दिसते.

आता असंही समजू नये की महाग टीव्हीवर सगळंच सुंदर दिसतं. घरी सेट-टॉप बॉक्सवर साध्या एसडी वाहिन्या लागत असतील तर हिशेब बघा. एसडी चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, ४के पडद्यावर त्याच्या २० पट ठिपके. म्हणजे २० ठिपक्यांपैकी १९ टीव्हीने स्वतःच्या अंदाजाने भरायचे. महाग टीव्हीचा प्रोसेसर हे काम नीट करतो, कडा स्वच्छ ठेवतो. स्वस्त टीव्हीत अक्षरांच्या कडेला दातेरी रेघा येतात. तरीही एसडी ते एसडीच. ज्या घरात दिवसभर मालिका आणि बातम्या चालतात, तिथे सव्वा लाखाच्या टीव्हीने डोळ्यात भरेल असं काही होत नाही. त्यापेक्षा एचडी वाहिन्यांचा पॅक घ्यावा. चित्रात पडणारा फरक त्याने मोठा आणि खर्च थोडका.

क्रिकेटसाठी मात्र पॅनलचा वेग मोजावा. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. स्वस्त टीव्ही ६० हर्ट्झचे, महाग १२० किंवा १४४चे. खोक्यावरचा 'मोशन २४०' वगैरे आकडा विसरा, तो हर्ट्झचा नसतो. मिड-विकेटकडे कॅमेरा झपकन वळला की ६० हर्ट्झच्या व्हीए पॅनलवर हिरवळ पुसल्यासारखी होते आणि चेंडूमागे शेपूट दिसतं. ओएलईडीचा ठिपका मिलिसेकंदाच्या अंशात बदलतो, तिथे शेपूट येत नाही. सिनेमाचा प्रश्न वेगळा. तो सेकंदाला २४ चित्रांचा, आणि ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा दाखवलं जातं आणि कॅमेरा संथपणे सरकताना चित्र अडखळतं. १२० मध्ये प्रत्येक चित्र बरोबर पाचदा बसतं.

बाकीच्या गोष्टी झटपट. स्वस्त टीव्हीत रॅम एक-दोन जीबी, त्यामुळे दोन-तीन वर्षांत ॲप रेंगाळतात. त्यावर वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावली की काम भागतं. गेम खेळणारं कुणी असेल तर एचडीएमआय २.१ हवं, नसेल तर नको. आवाज दोन्हींचा पातळच, कारण पातळ टीव्हीत स्पीकरला जागा नाही.

नागपूरचा म्हणून एक वेगळा विचार करावा लागतो आणि तो किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान सहसा शून्य ते ४० अंश दिलेलं असतं. मे महिन्यात इथे बाहेरच ४५ अंश होतात. वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या बंद हॉलमध्ये, कूलर बंद असताना टीव्ही त्या मर्यादेबाहेरच चालतो. स्वस्त डायरेक्ट-लिट (दिवे थेट पडद्यामागे पसरलेल्या) टीव्हीत मागच्या प्रत्येक एलईडीवर छोटं भिंग चिकटवलेलं असतं. उष्णतेने डिंक सुटतो, भिंग गळून पडतं आणि पडद्यावर रुपयाएवढा पांढरा गोल ठिपका कायमचा दिसू लागतो. किंवा एक एलईडी जातो आणि पट्टीतले दिवे एकापुढे एक साखळीत जोडलेले असल्यामुळे अख्खी पट्टी बंद पडते. आवाज येतो, चित्र नाही. अशा वेळी अंधारात पडद्यावर टॉर्च तिरकी मारून बघावी. अंधूक चित्र हललं तर पॅनल शाबूत आहे, फक्त पट्ट्या बदलायच्या. बदलताना सगळ्या बदलाव्या. एकच बदलली तर उरलेल्या जुन्या पट्ट्या पाठोपाठ जातात. टाळायचं असेल तर रोजच्या वापरात बॅकलाइट १०० वरून ६०-७० वर आणावा आणि टीव्हीच्या मागे-वर किमान १० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. फर्निचरच्या खोल कप्प्यात बसवलेला टीव्ही उन्हाळ्यात अक्षरशः भाजतो.

कूलरचा झोत टीव्हीवर येऊ देऊ नका. त्यात बाष्प असतं, तुषार असतात आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार असतो. तो पाठीमागच्या जाळीतून आत जाऊन बोर्डावर पांढरा बसतो. महाग टीव्हीलाही हे सुटत नाही.

विजेचंही तसंच. आजच्या टीव्हीचा पुरवठा भाग साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतो, म्हणून कमी दाबाची फारशी भीती नाही. भीती न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटण्याची. तेव्हा घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. आतलं मुख्य कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) बहुधा ४०० ते ४५० व्होल्ट डीसीचं, त्यावर साडेपाचशेच्या वर दाब पडतो आणि ते फुटतं. जास्त दाबाला लाइन तोडणारा स्टॅबिलायझर लावावा. वळवाच्या गडगडाटात नुसता प्लग काढून उपयोग नाही, डिशची तारही काढावी. झटका तिथूनही येतो.

ओएलईडी घेणाऱ्यांनी एक सवय मोडायला हवी. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करूनच झोपतात. ओएलईडी साधारण चार तासांच्या वापरानंतर, रिमोटने बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये काही मिनिटं ठिपक्यांची झीज सावरून घेतो. मुख्य बटण लगेच बंद केलं तर हे काम होतच नाही आणि बातम्यांच्या वाहिनीची खालची पट्टी, कोपऱ्यातला लोगो पडद्यावर कायमचा उमटण्याचा धोका वाढतो. दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी चालणाऱ्या घरात ओएलईडी घेऊच नये. तिथे मिनी एलईडी बरा.

हॉलमधला उजेडही बघा. उन्हाळ्यात दुपारी आपण जाड पडदे ओढून अंधारच करतो, तेव्हा ओएलईडी खुलतो. पण पश्चिमेकडे मोठी बाल्कनी असेल आणि हिवाळ्यात दुपारचे सामने बघायचे असतील तर जास्त उजळ मिनी एलईडी घ्यावा.

दुकानात पडद्यावर फिरणारी झगमगीत क्लिप बघून ठरवू नका. टीव्ही तिथे स्टोअर मोडवर, पूर्ण उजेडात असतो. होम मोड लावायला सांगा, चित्राचा प्रकार 'मूव्ही' करा आणि पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी न्या. पूर्ण करड्या रंगाचं एक चित्र: त्यावर उभे पट्टे किंवा डाग दिसले तर तेच मैदानावर कॅमेरा फिरताना दिसणार. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: वलय आणि राखाडीपणा लगेच उघडा पडतो. आणि घरी जे बघता तसं एसडी चित्र. मग बाजूला तीन पावलं सरकून पुन्हा बघा. विक्रेत्याला नेमकं विचारा: लोकल डिमिंगचे गट किती, पॅनल व्हीए की आयपीएस, खरे हर्ट्झ किती. मॉडेल क्रमांक पूर्ण टिपून घ्या. एकाच मॉडेल-मालिकेत ४३ आणि ५५ इंचीचं पॅनल वेगळं असू शकतं. जुन्या किमतींशी तुलना करत असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेही धरा.

सर्वांत वाईट खरेदी ३५ हजारांची नसते. ती असते साठ-सत्तर हजारांची: कडेला दिवे लावलेला, गटागटाने मंद न होणारा, ६० हर्ट्झचा, दिसायला बारीक कडांचा क्यूएलईडी. पैसे महागाचे, प्रकाश स्वस्ताचा. तेवढ्या पैशांत एक तर मिनी एलईडी मिळतो, नाही तर व्हीए पॅनलचा साधा टीव्ही, बरा साउंडबार आणि स्टॅबिलायझर, तिन्ही.