फोन घ्यावा तो किती वर्षांसाठी?

'फेअरफोन ५'च्या मागच्या झाकणाच्या कोपऱ्यात एक छोटी खाच आहे. तिच्यात नख घालून झाकण उचलले की बॅटरी समोर दिसते आणि पूर्वीच्या साध्या फोनप्रमाणे ती हाताने बाहेर काढता येते. स्क्रीन, कॅमेरा आणि चार्जिंगचा पोर्ट बदलायला साधा स्क्रूड्रायव्हर पुरतो. इतर बहुतेक फोनमध्ये याच कामासाठी दुकानदार मागची काच गरम हवेने तापवतो, कडेने पातळ पाते सरकवून गोंद सोडवतो आणि काच तडकणार नाही ना, या काळजीत आपण बाजूला उभे असतो.

हा फोन बनवणारी ॲमस्टरडॅममधील फेअरफोन ही कंपनी २०१३ साली सुरू झाली. तिचा फोन घ्यावा की नाही, हे ठरवताना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो काळाचा हिशेब. स्मार्टफोनमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनापैकी साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक वाटा फोन तयार होतानाच पडून गेलेला असतो. चिप आणि सर्किट बोर्ड बनवायला प्रचंड ऊर्जा लागते, त्यामानाने रोजच्या चार्जिंगची वीज किरकोळ असते. त्यामुळे तीन वर्षांऐवजी सहा वर्षे वापरलेला फोन दरवर्षीचा भार जवळजवळ निम्म्यावर आणतो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो.

फोनचे आयुष्य संपते ते मुख्यतः दोन कारणांनी. पहिले कारण बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीतील ऋणाग्रावर (ऋण टोकावर) प्रत्येक चार्जिंगगणिक एक सूक्ष्म थर वाढत जातो, त्यात लिथियम अडकून पडते आणि क्षमता घटते. उष्णतेने ही क्रिया आणखी वेगाने होते. दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. चिप बनवणारी कंपनी त्या चिपसाठीचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे थांबवते आणि धडधाकट फोनही असुरक्षित ठरतो. २०१५ च्या 'फेअरफोन २'मधील चिपला क्वालकॉमने अँड्रॉइड ६ नंतर साथ दिली नाही. तरीही या लहान कंपनीने स्वतः खटपट करून तो फोन अँड्रॉइड १० पर्यंत नेला आणि २०२३ पर्यंत सांभाळला. 'फेअरफोन ५'मध्ये म्हणूनच औद्योगिक उपकरणांसाठीची, दीर्घकाळ साथ मिळणारी चिप बसवली आहे. मात्र आता गूगल आणि सॅमसंगही आपल्या महागड्या फोनना सात वर्षे अपडेट देतात, त्यामुळे या बाबतीतले फेअरफोनचे वेगळेपण पूर्वीइतके राहिलेले नाही.

नैतिकतेचा भाग अधिक अवघड आहे. फोनच्या बॅटरीत कोबाल्ट हा धातू वापरला जातो. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक कोबाल्ट काँगोतून येते आणि कोल्वेझी परिसरात माणसे हातांनी खणलेल्या, आधार नसलेल्या बोगद्यांत उतरून ते काढतात. या कामात मुलेही राबलेली आहेत. तेथून खरेदीच बंद केली, तर कंपनीचे हात स्वच्छ दिसतील, परंतु त्या कुटुंबांची मिळकत बुडेल. फेअरफोनने तेथेच राहून खाणी सुरक्षित करण्याचा मार्ग धरला आणि २०२० साली स्थापन झालेल्या 'फेअर कोबाल्ट अलायन्स'मध्ये ती सुरुवातीपासून आहे. आपला फोन शंभर टक्के न्याय्य असल्याचा दावा कंपनी स्वतःही करत नाही, हे मला विश्वासार्ह वाटते.

उणिवाही आहेत. 'फेअरफोन ५' २०२३ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची किंमत सुमारे ७०० युरो होती आणि त्या पैशांत याहून सरस कॅमेरा व वेगवान चिप मिळत होती. तो पावसाचे शिंतोडे सोसतो, पण निघणाऱ्या झाकणामुळे पाण्यात बुडालेला चालत नाही. हेडफोनची जागा तर आधीच्याच मॉडेलपासून काढून टाकली आहे. दीर्घायुष्याची भाषा करणाऱ्या कंपनीचा हा निर्णय मला आजही पटत नाही.

जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आणि एकच फोन सात-आठ वर्षे वापरण्याची तयारी असलेल्या मराठी माणसाने तो अवश्य घ्यावा, असे माझे मत आहे. भारतात तो अधिकृतपणे विकला जात नाही. पाहुण्याकडून मागवलेल्या फोनचा स्क्रीन नाशिकमध्ये फुटला, तर सुटा भाग पुन्हा युरोपातूनच आणावा लागेल आणि दुरुस्तीची सोय, जिच्यासाठी जास्त पैसे मोजले, तीच हातची जाईल. अशा वाचकाने हातातला फोन अजून अपडेट घेत असेल, तर आधी त्याची बॅटरी बदलून घ्यावी.