प्रौढ सागरी तेलक्षेत्रे : आकारणीच्या अटी

समुद्रतळाखालील ज्या तेल-वायुक्षेत्रांचे उत्पादन उतरणीला लागले आहे, त्यांच्या पुनर्विकासासाठी शासन व उत्पादक यांच्यात ठरणारी रॉयल्टी, उपकर व वाटपाची व्यवस्था. क्षेत्र ‘प्रौढ’ केव्हा मानावे याबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते शिखर उत्पादन ओलांडले की, तर काहींच्या मते काढता येण्याजोगा निम्म्याहून अधिक साठा निघाला की. साठ्याचे अंदाज वारंवार बदलत असल्याने आकारणीसाठी पहिली कसोटी अधिक सोयीची दिसते. मुंबई हाय (शोध 1974, उत्पादन 1976) हे भारतातील ठळक उदाहरण.

खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या पिकाला) लागणीचा खर्च नसतो, तसा येथे फलाट (समुद्रातील प्लॅटफॉर्म) व नळवाहिन्यांवरचा मूळ खर्च होऊन गेलेला असतो. मात्र तेलाबरोबर येणारे पाणी वाढते; ते वेगळे काढणे, विहिरींची दुरुस्ती आणि दाब टिकवण्यासाठी पाणी भरणे यांमुळे पिंपामागचा खर्च चढत जातो. 100 रुपयांच्या तेलावर 20 टक्के उपकर (2016 पासूनचा दर) व 10 टक्के रॉयल्टी ढोबळमानाने धरली, तर खर्च 70 रुपयांपुढे जाताच उत्पादक तोट्यात येतो. तेलाची किंमत खर्चाहून जास्त असूनही विहीर अकाली बंद होते.

कोल्हापूर भागात हा प्रश्न ऊसदराच्या रूपाने परिचित आहे. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर किमान दर, कारखान्याचा नफा-तोटा पाहत नाही. रॉयल्टीही उत्पादकाचा पाहत नाही. उसासाठी 70:30 सूत्र (उत्पन्नातील 70 टक्के शेतकऱ्याला, 30 टक्के कारखान्याला) सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष सी. रंगराजन यांच्याच दुसऱ्या समितीने 2012 मध्ये तेलक्षेत्रांसाठी खर्चवसुलीऐवजी (उत्पादकाने आधी खर्च वसूल करून मग उरलेले वाटण्याऐवजी) थेट उत्पन्नातील वाट्याची शिफारस केली. 2016 च्या परवाना धोरणात महसूलवाटप आले. त्यामुळे फुगवलेल्या खर्चाचे वाद टळतात, पण खर्च वाढत जाणाऱ्या जुन्या क्षेत्राला त्याने दिलासा मिळत नाही.

म्हणून सवलत केवळ अतिरिक्त उत्पादनावर देण्याचा मार्ग अधिक योग्य वाटतो. 2018 च्या केंद्रीय धोरणाने वाढीव तेलावरील उपकरात 50 टक्के व वाढीव वायूवरील रॉयल्टीत 75 टक्के सूट दिली. कळीचा मुद्दा आधाररेषेचा, म्हणजे काहीच केले नसते तर किती तेल निघाले असते याचा. आर्प्स यांच्या 1945 च्या घटवक्रांनुसार (उत्पादन काळानुसार कसे घटते ते दाखवणाऱ्या सूत्रांनुसार), आज दिवसाला 10,000 पिंपे देणारे, आरंभी वर्षाला 10 टक्के दराने घटणारे क्षेत्र दहा वर्षांनी घातांकी वक्राने सुमारे 3,680, अतिपरवलयी वक्राने (घातांक 0.5) सुमारे 4,440 आणि हरात्मक वक्राने 5,000 पिंपांवर येते. प्रत्यक्ष उत्पादन 5,000 असेल, तर पहिल्या वक्राने रोज सुमारे 1,320 पिंपे सवलतीस पात्र. तिसऱ्याने एकही नाही. वक्र कराराआधीच, त्रयस्थ तपासणीने ठरवावा लागतो. आधाररेषा ठरण्याच्या काळात दुरुस्त्या लांबवून उत्पादन कमी दाखवता येते, म्हणून विहीरनिहाय जुन्या नोंदी मागवाव्यात.

क्षेत्र बंद करताना विहिरी बुजवणे व फलाट काढणे यांसाठीचा निधी उत्पादन चालू असतानाच बाजूला काढावा लागतो. सागरी खनिजे अनुच्छेद 297 नुसार केंद्राच्या मालकीची असल्याने त्यांची रॉयल्टी केंद्राकडे जाते.