पुण्यात दगडखाणीची ड्रोन मोजणी: परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

सर्वात आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर खाणीचा गट कोणत्या क्षेत्रात येतो ते बघा. वाघोलीच्या खाणींना लोहगाव विमानतळ जवळ आहे, त्यामुळे हे काम शेवटी ठेवू नका. हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर. पिवळ्या क्षेत्रात एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची) परवानगी लागते, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची.

पायलट १८ ते ६५ वयाचा, दहावी पास आणि रिमोट पायलट प्रमाणपत्र असलेला हवा. प्रमाणपत्र कोणत्या वर्गाचं आहे ते नीट वाचा: लेझर स्कॅनर लावला की ड्रोनचं वजन सहज २ किलोंच्या वर जातं, म्हणजे तो 'स्मॉल' वर्गात येतो. ड्रोनचा यूआयएन (नोंदणी क्रमांक) आणि थर्ड पार्टी विमा सोबत ठेवा.

जमिनीची कागदपत्रं: ताजा सातबारा, मोजणीची 'क' प्रत (भूमी अभिलेखचा हद्दीचा नकाशा), खाणपट्ट्याचा आदेश व करारनामा, मंजूर खाणकाम आराखडा. आणि मागच्या मोजणीची मूळ फाइल, नुसती पीडीएफ नको. पहिल्या सुरुंगाआधीचा पृष्ठभाग नोंदलेला नसेल, तर एकूण किती दगड निघाला हे आजची कितीही अचूक मोजणी सांगू शकत नाही.

५० हेक्टर किंवा वर्षाला १० लाख टनांवरच्या खाणींना दरवर्षी ड्रोन प्रतिमा देण्याची केंद्रीय अट प्रमुख खनिजांसाठी आहे. आपला काळा दगड गौण खनिज. तो राज्याच्या नियमांत येतो.

चुका बहुतेक उंचीत होतात. जीपीएस लंबगोलावरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली उंची देतं. पुण्यात ती समुद्रसपाटीच्या उंचीहून ६० मीटरपेक्षा जास्त कमी भरते. दोन मोजण्यांत दोन पद्धती मिसळल्या की घनफळाचा पत्ताच चुकतो. कंट्रोल पॉइंट (जमिनीवरच्या, अचूक मोजलेल्या खुणा) फक्त काठावर नकोत, तळाला आणि बेंचवरही (खाणीच्या पायऱ्यांवरही) हवेत. उभ्या कड्यासाठी कॅमेरा तिरका ठेवा किंवा जमिनीवरून लेझर स्कॅन करा. तळातल्या पाण्याखालचं दोन्हींना दिसत नाही, म्हणून पंप लावून मगच उडवा. सावली टाळायला दुपारी बाराच्या आसपासची वेळ बरी.

ब्रासचा हिशेब: १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. ४,००० घनमीटर खड्डा भरतो १,४१३ ब्रास. मात्र ट्रकमधला दगड फुगलेला, सुटा असतो. वाहतूक पासांच्या बेरजेशी ताळा घालताना खड्ड्याचं घनफळ अखंड दगडाचं आहे, हे अहवालात स्पष्ट लिहून घ्या.